मुलांना मैदानावर नेऊन परिसर विज्ञान शिकवताना तुम्ही नेमकं काय करता?

कोरी_पाटी:
नमस्कार. मी तिसरी-चौथीला शिकवते. माती, पाणी, वनस्पती, कीटक हे सगळे पाठ आजवर वर्गातच चित्रं दाखवून घेत आले. मुलं उत्तरंही बरोबर लिहितात. पण 'माती कशी तयार होते' याचं उत्तर ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्यातल्या कित्येकांनी माती बोटांत चुरून पाहिलेली नसते, हे मला फार खुपतं.

या सत्रात आठवड्यातून एक तास बाहेर घ्यायचं ठरवलंय. सहल नाही, आवारातच, एका तासिकेत बसेल असं. अडचण अशी की दार उघडलं की निम्मी मुलं पळत सुटतात आणि उरलेली 'बाई, काय बघायचं?' म्हणून माझ्याभोवती उभी राहतात. ज्यांनी हे नेमाने केलंय त्यांनी सांगा: काय करायला देता, सोबत काय नेता, आत आल्यावर पुढे काय? लहानसहान तपशीलही हवेत.

पालापाचोळा:
अतिशय जिव्हाळ्याचा विषय काढलात. बरीच वर्षं हेच करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: मुलांना मैदान देऊ नका, हातभर जागा द्या. एक मीटर सुतळीची दोन टोकं बांधली की साधारण 32 सेंटिमीटर रुंदीचं वर्तुळ होतं. दोघांत एक सुतळी. ती जमिनीवर टाकायची आणि दहा मिनिटं फक्त त्या वर्तुळातलं पाहायचं. 'निसर्ग बघा' म्हटलं की मुलाला कळत नाही कुठे बघू, आणि मग ते पळतं. जागेला कड आली की नजर ठरते. पळणारी मुलं ओणवी होऊन बसतात, हे कुठल्याही शाळेत करून पाहा.

दुसरी गोष्ट: बाहेर पडण्याआधी वर्गात एकच प्रश्न फळ्यावर लिहा, आणि त्याचं उत्तर मोजून मिळणारं हवं. 'झाडाखालच्या जमिनीवर जास्त प्रकारचे जीव असतील की उघड्या जमिनीवर?' हा चांगला प्रश्न आहे. 'झाडाखाली काय काय असतं?' हा नाही, कारण त्याचं उत्तर कधी संपलं ते मुलाला कळत नाही. प्रश्न लिहिला की प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट. मग बाहेर. अंदाज लिहिलेला असला की मुलगा स्वतःचं म्हणणं तपासायला जातो, तुमचं ऐकायला नाही.

तिसरी गोष्ट: निम्म्या जोड्या झाडाखाली, निम्म्या उघड्यावर. तुलना आली की विज्ञान सुरू झालं.

सोबत फार काही लागत नाही. परीक्षेचं पॅड, पेन्सिल, सुतळी, जोडीला एक भिंग, पांढरा कागद. कागद फार कामाचा: मूठभर पालापाचोळा त्यावर झटकला की एरवी दिसलेच नसते असे बारीक जीव चालायला लागतात. पाहून झाल्यावर पाला आणि जीव दोन्ही होते तिथेच परत. दगड उचलला तर हलक्या हाताने तसाच पुन्हा ठेवायचा. हे पहिल्या दिवशी सांगा आणि दर वेळी सांगा.

रानवाट:
+1. सुतळीचा उपाय खरंच चालतो.

माझी एक भर. जीव सापडला की मुलं लगेच विचारतात, 'याचं नाव काय?' तेव्हा नाव सांगू नका. नाव सांगितलं की पाहणं थांबतं. त्याऐवजी 'पाय किती?' असं विचारा. सहा पाय असले तर कीटक, आठ असले तर कोळ्यांच्या कुळातला. ओल्या लाकडाखाली तो करडा, पाठीवर पट्टे असलेला जीव असतो ना, त्यातले काही हात लावला की गोळी होऊन बसतात, त्याला पूर्ण वाढ झाल्यावर चौदा पाय असतात. तो कीटक नाहीच, तो खेकडे-कोळंबीचा नातलग आहे आणि कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो, म्हणून ओल सोडून जात नाही. चौदा पाय स्वतः मोजल्यावर हे ऐकताना मुलांचे चेहरे बघा!

सुरवंट मात्र गोंधळात टाकतो. त्याचे पाय सोळापर्यंत भरतात. पुढचे तीन जोड खरे, सांधे असलेले, आणि मागचे मांसल, पकडीपुरते. 'मग तो कीटक कसा?' हा प्रश्न मुलांनीच विचारू दे, मी कधी आधी सांगत नाही. (केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, फार खाज सुटते. तो लांबूनच.)

दुर्बीण:
रानवाट, नावाबद्दल माझं मत वेगळं आहे. पाहण्याआधी नाव नको, हे मान्य. पण नाव द्यायचंच नाही, याने मुलांचं नुकसान होतं. नाव कळलं की तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी वाटेत पुन्हा दिसते. नाव नसलेली गोष्ट दिसूनही दिसत नाही.

दगडफुलाचं घ्या. झाडाच्या खोडावर, जुन्या भिंतीवर करडे-हिरवट ठिपके असतात. मुलांना ते 'डाग' वाटतात. माझ्या वर्गातली मुलं आधी त्यांचं चित्र काढतात, त्यावर भिंग धरतात, पाणी शिंपडून रंग बदलतो का पाहतात. मग मी नाव सांगते आणि हेही सांगते की हा एक जीव नसून बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे: शैवाल उन्हात अन्न बनवतं, बुरशी त्याला आसरा देते. त्यानंतर मुलं रस्ताभर दगडफूल शोधत जातात.

आणि पुढे एक मोठा विषय उघडतो. कित्येक दगडफुलं हवेतल्या सल्फर डायऑक्साइड या प्रदूषक वायूला फार नाजूक असतात. 1866 मध्येच विल्यम नायलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये नोंदवलं होतं की शहराच्या हवेत दगडफुलं कमी होत जातात. चौथीचं मूलसुद्धा 'रस्त्याकडच्या खोडावर जास्त की आतल्या खोडावर?' हे मोजू शकतं. फक्त एक काळजी: दोन्हीकडे एकाच जातीचं झाड घ्या. सालीचा पोत वेगळा असला तरी फरक पडतो, आणि मग हवेवर ठपका ठेवता येत नाही.

रानवाट:
दुर्बीण, 'आधी काढायचं, मग नाव' हा क्रम मला पूर्ण पटतो. मी नाव शेवटपर्यंत टाळते असं नाही, चित्र काढून होईपर्यंत टाळते. चित्राबद्दल सांगायचं तर सुंदर चित्र मागू नका. बाणांनी दाखवलेल्या तीन गोष्टी मागा: रंग कुठे बदलतो, पाय कुठून निघतात, किती मोठं आहे. ज्यांचा हात चित्रकलेत चालत नाही तीही मुलं मग मोकळी होतात.

पिल्लू_आणि_मी:
मी शिक्षिका नाही, आई आहे. धागा वाचून मनापासून आनंद झाला, पण एक काळजी विचारते. माझ्या मुलीला गांधीलमाशी चावल्यावर खूप सूज येते. ऊन, काटे, किडे... शाळा बाहेर नेते तेव्हा पालकांनी नेमकं काय विचारावं? मला तिला घरी ठेवायचं नाहीये, तिलाही हे मिळावं असं वाटतं.

पालापाचोळा:
ताई, अगदी योग्य प्रश्न, आणि पालकांनी विचारायलाच हवा. चार गोष्टी विचारा. वर्गातल्या कुणाला कशाची अॅलर्जी आहे याची यादी बाहेर नेणाऱ्याच्या खिशात असते का? मुलीला डॉक्टरांनी काही औषध दिलेलं असेल तर ते तिच्यासोबत बाहेर जातं का, की आत कपाटात राहतं? दुसरं मोठं माणूस सोबत असतं का? आणि जाण्याआधी शिक्षक ती जागा स्वतः फिरून पाहतात का?

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मी आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी, असं दोनदा फिरतो: काचा, तारा, पोळं, उघडा खड्डा. पोळं किंवा वारूळ दिसलं तर त्या दिवशी जागा बदलायची. पाण्याजवळ जायचं असेल तर वेगळं नियोजन आणि जास्त माणसं, नाहीतर जाऊच नये. मुलांसाठी नियम मोजकेच: सीमा अमुक झाडापर्यंत, शिट्टी वाजली की परत, बिळात हात नाही, तोंडात काही नाही, आत आल्यावर साबणाने हात.

आकाश भरून आलं असेल तर विजेचं एक गणित मुलांनाच शिकवा. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळे इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली आडोसा तर कधीच नाही. हे मुलं घरी जाऊन मोठ्यांनाही सांगतात.

मोजपट्टी:
मी गणिताचा शिक्षक, त्यामुळे माझा कल आकड्यांकडे. जीवजंतूंची भीती वाटणाऱ्या मुलांनाही आकड्यांमधून बाहेरची गोडी लागते, असा अनुभव आहे.

सावलीची काठी सगळ्यात सोपी. सपाट जागी एक काठी सरळ उभी करा (ओळंबा लावून मुलांनाच तपासू द्या), दर वीस-तीस मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सावली सर्वांत आखूड कधी झाली? मुलांचा अंदाज ठाम असतो: बारा वाजता. बहुतेक वेळा तसं येत नाही. घड्याळ एका मोठ्या प्रदेशाचं मिळून एकच असतं, सूर्य मात्र प्रत्येक जागी आपापल्या वेळी माथ्याच्या रेषेवर येतो. सर्वांत आखूड सावलीची रेषा उत्तर-दक्षिण असते, ती जमिनीवर रंगाने आखून ठेवा. वर्षभर कामाला येते.

आणि मग एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची गोष्ट सांगायची. इ. स. पू. 240 च्या सुमारास त्याला कळलं की एका ठरावीक दिवशी भर दुपारी इजिप्तमधल्या सायीनी गावात उभ्या वस्तूची सावली पडत नाही, पण त्याच वेळी तिथल्याच अलेक्झांड्रिया शहरात पडते. तो कोन आला सुमारे 7.2 अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर पन्नास पट केलं की पृथ्वीचा परीघ! काठी, सावली आणि भागाकार. ज्या मुलाने स्वतः खडूने खुणा केल्यात त्याला ही गोष्ट आपली वाटते.

दुसरं तापमान. गवत, उघडी माती, फरशी, झाडाची सावली. चार जागी तापमापी ठेवून पाच मिनिटांनी वाचायचं. (पाऱ्याची तापमापी मुलांच्या हातात नको, डिजिटल किंवा लाल द्रवाची घ्या.) इथे हमखास भांडण होतं: एकाच जागी दोन गटांचे आकडे वेगळे येतात. हे भांडण मिटवू नका! खरं शिक्षण त्यातच आहे. 'तू तापमापी उन्हात धरलीस, मी अंगाची सावली पाडली', 'तू लगेच वाचलंस', ही कारणं मुलं स्वतः शोधतात. हवामान केंद्रात तापमापी पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत का ठेवतात, हे त्यानंतर सांगावं लागत नाही, कळतंच. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याने केली.

फरशीवरची_शाळा:
सगळं वाचतेय आणि थोडं वाईटही वाटतंय. आमच्या शाळेला माती अशी नाहीच. चारी बाजूंनी इमारती, मध्ये फरशीचं अंगण, कडेला दोन कुंड्या. आम्ही काय करावं?

दुर्बीण:
फरशीवर भरपूर आहे, खरंच. पाऊस पडून गेल्यावर डबक्याच्या कडेने खडूची रेघ ओढा, दर तासाला नवी रेघ. डबकं आतआत सरकत जातं. पाणी गेलं कुठे? काही मुलं म्हणतील जमिनीत मुरलं. मग तेवढंच पाणी एका ताटलीत ओतून शेजारी ठेवा, ताटलीतून तर मुरणार नाही. बाष्पीभवन शब्द न उच्चारता समजतं.

फरशीच्या भेगा मोजा. कुठल्या भेगेत हिरवं आहे, कुठल्या नाही? ये-जा जास्त तिथे की कमी तिथे? उन्हात की सावलीत? भेगेत उगवलेल्या रोपाचं बी तिथे कसं आलं असेल? चालत आलेलं, उडत आलेलं, की पक्ष्याने आणलेलं? एका भेगेला पूर्ण वर्ग दत्तक घेऊ शकतो.

कुंडीतल्या झाडाच्या एका पानेरी फांदीवर पारदर्शक पिशवी बांधा, तोंड घट्ट. सकाळी बांधलेल्या पिशवीत दुपारपर्यंत आतून पाण्याचे थेंब जमतात. शेजारी तशीच रिकामी पिशवी तोंड बांधून ठेवा, म्हणजे 'हे हवेतलंच पाणी असेल' या शंकेचं उत्तर मुलांना स्वतः मिळतं. मग पिशवी काढून घ्या, नाहीतर पानं उन्हात शिजतात.

मोजपट्टी:
आणि पर्जन्यमापक! उभ्या सरळ कडांचं कुठलंही भांडं, आत पट्टी. मुलांना वाटतं मोठ्या तोंडाच्या भांड्यात जास्त मिलिमीटर पाऊस भरणार. दोन वेगवेगळ्या रुंदीची भांडी उघड्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि वाचू द्या. उंची सारखीच येते. मग हे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तुमच्या फरशीच्या अंगणाची लांबी-रुंदी मुलांना पावलांनी मोजायला लावा आणि काल किती लिटर पाणी गटारात गेलं ते काढायला लावा. उत्तर पाहून मुलं पुन्हा पुन्हा गुणाकार तपासतात.

शेतातली_माती:
मृदाशास्त्र हा माझा व्यवसाय, म्हणून मातीबद्दल बोलतो. कोरी_पाटी, तुमचं ते 'माती चुरून पाहिलेली नसते' वाक्य मनाला लागलं.

झाकणाची पारदर्शक बरणी अर्धी मातीने भरा, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. बारीक गाळाला काही तास लागतात. चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यांच्यामुळे पाणी दुसऱ्या दिवशीसुद्धा गढूळ असतं. कुजलेली पानं-काड्या वर तरंगतात. थर दिसू लागले की पट्टीने मोजा. झाडाखालची आणि मैदानाच्या मधली, दोन्हींची बरणी लावा.

गांडुळाबद्दल मात्र कळकळीची विनंती: हात ओले करूनच उचलायचं आणि लगेच सावलीत, ओल्या मातीवर. त्याला फुप्फुसं नसतात, तो ओलसर त्वचेतून श्वास घेतो. कोरड्या, गरम हातात त्याचा जीव घुसमटतो. हे कारण सांगितलं की मुलं इतक्या हळुवारपणे वागतात की 'त्रास देऊ नका' असं बजावायची गरज पडत नाही.

चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीपर्यंत गांडुळांवर काम केलं, 1881 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याने कुंडीत ठेवलेल्या गांडुळांना पियानो ऐकवला, काही हालचाल नाही. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तर गांडुळं बिळात पळाली. ऐकू येत नाही, पण कंप जाणवतो. ही गोष्ट मुलांना फार भावते, कारण इतका मोठा शास्त्रज्ञ त्यांच्यासारखेच प्रश्न विचारत होता.

पिल्लू_आणि_मी:
आणखी एक विचारू? मुलीच्या वर्गात चाकाच्या खुर्चीवर येणारा एक मित्र आहे. बाहेरच्या तासाला तो बहुतेक वेळा खिडकीतून बघतो.

रानवाट:
असं होता कामा नये. जागा निवडतानाच त्याचा विचार करायचा: पक्की वाट आणि तिच्या कडेची पट्टी सगळ्या वर्गासाठी निवडा, त्याच्या एकट्यासाठी नाही. जमिनीवरचं त्याच्या उंचीला आणा. मोठ्या पसरट ट्रेमध्ये मातीचा थर, पाला, एखादं कुजकं लाकूड, आणि ट्रे टेबलावर. झाडाचं खोड, भिंत, कुंपणाची वेल हे तर बसल्या उंचीलाच असतं. आणि 'नोंदी लिही' म्हणून त्याला एका जागी बसवू नका. भिंग त्याच्याही हातात हवं.

तीच गोष्ट घाबरणाऱ्या मुलांची. हात लावायची सक्ती नाही, लांबून पाहिलं तरी चालेल. बऱ्याचदा तीच मुलं सगळ्यात बारीक पाहतात.

कोरी_पाटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. सुतळीचा तास घेतला आणि तो झाला कसा हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. झाडाखाली विरुद्ध उघड्यावर हाच प्रश्न घेतला. पळापळ जवळपास झालीच नाही. झाडाखालच्या वर्तुळांत प्रकार जास्त सापडले, पण एका उघड्या वर्तुळात मुंग्यांची संख्याच इतकी होती की 'जास्त जीव' म्हणजे जास्त प्रकार की जास्त नग, यावर वर्गात खडाजंगी झाली. आत आल्यावर फळ्यावर दोन रकाने मुलांनीच करायला लावले.

आता दोन प्रश्न. वरिष्ठ विचारतात, याचं मूल्यमापन कसं करणार? आणि दुसरा मुलांचा: मुंग्यांची रांग सुतळीखालून निघून सरळ खोडावर चढत होती. 'त्यांना वाट कशी कळते?' मी उत्तर दिलेलं नाही. कसं शोधायला लावू?

पालापाचोळा:
नग की प्रकार, हा प्रश्न मुलांनी स्वतः काढला म्हणजे तास सोन्याचा झाला. जीवशास्त्रज्ञसुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात.

मूल्यमापनासाठी वेगळी परीक्षा नको. वहीतली तीन वाक्यं पाहा: मला काय वाटलं होतं, मी काय पाहिलं, त्यावरून मला काय वाटतं. ज्या मुलाचं पहिलं आणि तिसरं वाक्य वेगळं आहे आणि मधलं वाक्य त्या बदलाचं कारण सांगतं, त्याला विज्ञान समजलंय. चुकलेल्या अंदाजाचे गुण कधीही कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळी मुलं बाहेरून आल्यावर अंदाज लिहितील. वरिष्ठांना सत्राच्या सुरुवातीची आणि आताची, अशी एकाच मुलाची दोन पानं शेजारी ठेवून दाखवा.

दुर्बीण:
मुंग्यांसाठी असं करा. वर्गात आधी सगळी उत्तरं फळ्यावर घ्या: बघून जातात, पुढच्या मुंगीच्या मागे जातात, वासाने जातात. मग फरशीवर किंवा खोडावर जिथे रांग स्पष्ट आहे तिथे एक जागा निवडा आणि रांगेत खंड दिसेल त्या क्षणी बोटभर पट्टा ओल्या कापसाने आडवा पुसा. बऱ्याच जातींच्या मुंग्या वाटेवर गंधाची खूण सोडत जातात. ती पुसली गेली की पुढच्या मुंग्या त्या पट्ट्याशी येऊन घुटमळतात, इकडेतिकडे फिरतात, आणि थोड्या वेळाने रांग पुन्हा जुळते.

पण मुलांपैकी कुणीतरी विचारायला हवं: घुटमळल्या त्या गंध गेला म्हणून की जागा ओली झाली म्हणून? कुणी नाही विचारलं तर तुम्ही विचारा. त्यावर उपाय मुलांना सुचतो: दुसरी रांग घ्या, तिच्यावर कोरडा कापूस घासून पाहा. किंवा ओला पट्टा वाळेपर्यंत थांबा. एका गटाने मिनिटाला किती मुंग्या पट्टा ओलांडतात ते पुसण्याआधी मोजायचं, दुसऱ्या गटाने पुसल्यानंतर, म्हणजे 'घुटमळल्या' हे आकड्यातही दिसेल. चावऱ्या लाल मुंग्यांच्या रांगेवर हे करू नका, बारीक काळ्या मुंग्या घ्या, आणि मुलांना रांगेपासून हातभर लांब बसवा.